वजन घ्या म्हटलं की विंडो गोठते

पत्र: मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. वेंगुर्ल्याजवळ आमचा काजूचा लहान कारखाना आहे. गर सोलणाऱ्या बायकांची रोजची वजनं आई वहीत लिहिते आणि आठवड्याच्या शेवटी मजुरीचा हिशोब करत बसते. काट्यावरचं वजन थेट कॉम्प्युटरमध्ये यावं म्हणून मी सी भाषेत, विंडोजच्या मूळ एपीआयवर (विंडोजने स्वतः दिलेल्या फंक्शनांवर) प्रोग्रॅम लिहायला घेतला. पण ‘वजन घ्या’ बटण दाबलं की विंडो पांढरी पडते आणि वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येतं. विंडो बंद केली तरी टास्क मॅनेजरमध्ये प्रोग्रॅम दिसतच राहतो, आणि पुन्हा कंपाइल केलं की ईएक्सई फाइल उघडता येत नाही अशी तक्रार येते. स्क्रीनवर लिहिलेली बेरीज मिनिमाइज करून परत आणली की गायब होते. ती पेंट मेसेजमध्ये टाकली तर लॅपटॉपचा पंखा थांबतच नाही. मराठीत नावं टाकली की प्रश्नचिन्हं दिसतात. टॅबने पुढच्या चौकटीत जाता येत नाही. सगळे म्हणतात, हे सोड आणि सी-शार्प घे. माझं चुकतंय कुठे?
– एक विद्यार्थिनी, वेंगुर्ले

उत्तर:

पत्राबरोबर कोड नाही, पण लक्षणं तुम्ही इतकी नेमकी लिहिली आहेत की कुठली ओळ चुकली असेल ते बऱ्यापैकी सांगता येतं. खाली फंक्शनांची नावं देवनागरीत दिली आहेत आणि मेसेजांच्या नावाआधीचं ‘डब्ल्यूएम’ दरवेळी लिहिलेलं नाही. क्लोज, पेंट, कमांड असं आलं की पूर्ण नाव समजून घ्या.

कॉलेजात शिकलेला सी प्रोग्रॅम मेनपासून सुरू होतो आणि वरून खाली चालत जातो. कधी काय विचारायचं ते तोच ठरवतो. विंडोचा प्रोग्रॅम तसा नसतो. माउस हलला, कळ दाबली, बटणावर क्लिक झालं की विंडोज त्याचा मेसेज करून तुमच्या थ्रेडच्या (प्रोग्रॅममधल्या कामाच्या एका धाग्याच्या) रांगेत टाकतं. गेटमेसेज रांगेतला एक मेसेज उचलतं, डिस्पॅचमेसेज तो तुमच्या विंडो प्रोसीजरकडे, म्हणजे मेसेज हाताळणाऱ्या तुमच्या फंक्शनकडे, पोचवतं, ती काम करून परतते आणि मगच पुढच्याचा नंबर लागतो. खाडीवरच्या तरीसारखं आहे हे. होडी एक, तारी एक. तो पलीकडे उतरून कोणाची वाट बघत बसला, तर अलीकडे कितीही माणसं जमली तरी कोणी पार होत नाही. विंडो प्रोसीजरने प्रत्येक मेसेजचं काम उरकून लगेच परतायचं, आणि ज्या मेसेजशी आपल्याला कर्तव्य नाही तो डेफविंडोप्रॉकच्या हवाली करायचा. विंडो गोठते ती यातली पहिली गोष्ट मोडल्यामुळे.

विंडो का गोठते

बटण दाबलं की त्याच्या मूळ विंडोला कमांड मेसेज येतो. त्या केसमध्येच तुम्ही रीडफाइलने कॉम पोर्ट (काट्याची केबल जोडलेला सीरियल पोर्ट) वाचत असणार. पोर्टचे टाइमआउट, म्हणजे किती वेळ थांबायचं ते, ठरवले नाहीत, तर मागितलेले सगळे बाइट येईपर्यंत रीडफाइल जागचं हलत नाही. तुम्ही ६४ बाइट मागितले आणि काट्याने एका वजनाची १२ बाइटांची ओळ पाठवली, तर उरलेल्या ५२ बाइटांसाठी ते थांबून राहतं. तेवढा वेळ प्रोसीजर परतत नाही आणि रांग तुंबते. थ्रेडने ५ सेकंद रांगेकडे बघितलं नाही की विंडोज त्या विंडोला गोठलेली ठरवतं आणि तिच्या जागी तिच्यासारखीच एक तोतया विंडो उभी करतं. तुम्हाला दिसणारा पांढरेपणा आणि ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ हे शब्द त्या तोतया विंडोचे असतात. ही सोय विंडोज एक्सपीपासून आहे.

यावर एक सोपा वाटणारा तोडगा तुम्हाला कोणीतरी सुचवेल: वाचण्याच्या लूपमध्ये मधूनमधून पीकमेसेज करून रांग मोकळी करायची. तो धरू नका. रांग हलू लागली की आईचा दुसरा क्लिकही आत येतो, पहिलं वाचन अर्धवट असतानाच दुसरं सुरू होतं, आणि मध्येच विंडो बंद केली तर नष्ट झालेल्या विंडोवर तुमचा लूप काम करत राहतो. असे दोष रोज दिसत नाहीत. म्हणूनच ते सापडायला फार जड जातात.

एका काट्यासाठी टायमर पुरतो. पोर्ट प्रोग्रॅम सुरू होताना क्रिएट मेसेजमध्ये एकदाच उघडा, दर क्लिकला नको. क्रिएटफाइलला नाव देताना आधी दोन बॅकस्लॅश, मग टिंब, मग एक बॅकस्लॅश आणि त्यापुढे कॉम व आकडा लिहा. यूएसबीची केबल लावल्यावर तिला कॉम ३ मिळेल की कॉम ११ हे आधी सांगता येत नाही (डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघायचं), आणि १० पासून पुढच्या पोर्टांना हा उपसर्ग लागतोच. ९ पर्यंतच्यांनाही तो चालतो, म्हणून सवयच तशी लावा. सीच्या स्ट्रिंगमध्ये प्रत्येक बॅकस्लॅश दुप्पट होतो, म्हणजे आधी चार, टिंब, मग दोन. पोर्ट उघडला नाही तर क्रिएटफाइल नल देत नाही, इनव्हॅलिड हँडल व्हॅल्यू देतं. नलशी तुलना केलीत तर अपयश कळणारच नाही.

त्यानंतर गेटकॉमस्टेटने आहेत त्या सेटिंग घ्या, त्यातले बॉड रेट, बाइट साइज, पॅरिटी आणि स्टॉप बिट एवढेच बदला आणि सेटकॉमस्टेटने परत द्या. आकडे काट्याच्या पुस्तिकेतून घ्या. ९६०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट अशी जोडी पुष्कळ ठिकाणी चालते, पण गृहीत धरू नका. बॉड रेट चुकला तर वजनाऐवजी सतत कचरा येतो. सेटिंग बरोबर असून मधेच एखादं अक्षर गळत असेल, तर कनेक्टर बघा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत पिनांवर हिरवट थर चढतो आणि जोड सैल पडतो.

आता कळीची गोष्ट. सेटकॉमटाइमआउट्समध्ये रीड इंटरव्हल टाइमआउटला मॅक्सडीवर्ड द्या आणि दोन्ही रीड टोटल टाइमआउट ० ठेवा. या विशिष्ट जोडीचा अर्थ असा ठरलेला आहे: जे बाइट आधीच येऊन पडले असतील तेवढे दे, काही नसेल तर रिकाम्या हाताने परत ये, पण थांबू नकोस. मग सेटटायमरने २०० मिलिसेकंदांचा टायमर लावा आणि टायमर मेसेजमध्ये एकदा रीडफाइल करा. २५६ बाइट मागितलेत तरी ते लगेच परततं.

इथे नवशिक्यांचा पाय हमखास घसरतो. एका वाचनात एक पूर्ण ओळ मिळेल असं मानू नका. काट्याने १२.४३५ पाठवलं तर एका वेळी ‘१२.४’ आणि पुढच्या वेळी ‘३५’ येऊ शकतं. लगेच आकडा केलात तर १२ किलो ४०० ग्रॅमची नोंद होते, आणि ३५ ग्रॅम सोलणारीच्या मजुरीतून जातात. आलेले बाइट एका साठवणीत जोडत जा, ओळ संपल्याची खूण दिसली की तेवढीच ओळ कापून घ्या, उरलेले बाइट पुढच्या खेपेसाठी ठेवा.

ओळ मिळाली की वजन ग्रॅममध्ये पूर्णांक करून ठेवा, १२.४३५ किलो म्हणजे १२४३५. फ्लोटमध्ये ०.१ सारखा साधा आकडाही नेमका बसत नाही आणि दिवसभराच्या बेरजेत तो फरक वर येतो. लागोपाठ तीन वाचनं सारखी आली तरच वजन स्थिर धरा, कारण टोपली ठेवताना काटा झुलत असतो. ‘वजन घ्या’ बटणाचं काम मग एवढंच उरतं: शेवटचं स्थिर वजन उचलायचं आणि नोंदवायचं. मिलिसेकंदाचंही काम नाही.

यूएसबीची केबल निघाली तर रीडफाइल अपयशी ठरतं. तेव्हा आधी किलटायमर करा, पोर्टचं हँडल (उघडताना विंडोजने दिलेला ओळखक्रमांक) बंद करा आणि मगच मेसेजबॉक्स दाखवा. क्रम उलटा केलात तर काय होतं ते समजून घ्या. मेसेजबॉक्स स्वतःचा मेसेज लूप चालवतो. तो उघडा असताना टायमर येतच राहतो आणि दर २०० मिलिसेकंदांनी एक नवी चौकट आधीच्या चौकटीवर चढते. मिनिटभरात तीनशे.

उद्या दोन-तीन काटे झाले, किंवा काटा मागितल्याशिवाय वजन देत नसेल आणि उत्तराला वेळ लावत असेल, तर वेगळा थ्रेड लागेल. तो _बिगिनथ्रेडएक्सने सुरू करा. सीच्या लायब्ररीतली फंक्शनं वापरणाऱ्या थ्रेडला क्रिएटथ्रेडपेक्षा तेच योग्य. त्या थ्रेडने विंडोला, बटणाला, चौकटीला हात लावायचा नाही. दुसऱ्या थ्रेडवरून सेटविंडोटेक्स्ट म्हणजे आतून सेंडमेसेजच, आणि सेंडमेसेज समोरचा थ्रेड उत्तर देईपर्यंत थांबतं. तुम्ही प्रोग्रॅम बंद करताना मुख्य थ्रेडवरून वेटफॉरसिंगलऑब्जेक्टने त्या थ्रेडची वाट बघत असाल, तर दोघं एकमेकांसाठी अडून बसतात आणि कोणीच सुटत नाही. म्हणून पोस्टमेसेज वापरा. ते मेसेज रांगेत टाकून लगेच मोकळं होतं. स्वतःच्या मेसेजाचा क्रमांक डब्ल्यूएम_ॲप अधिक १ घ्या. डब्ल्यूएम_यूजरपासूनचे क्रमांक विंडो क्लासच्या स्वतःच्या वापरासाठी असतात, तयार कंट्रोलही ते वापरतात, तिथे गाठ पडते. मेसेजबरोबर ग्रॅमचा आकडा डब्ल्यूपॅरममध्ये (मेसेजबरोबर जाणाऱ्या दोन आकड्यांपैकी पहिल्यात) पाठवा. १६ बिटी विंडोजच्या काळात हा डब्ल्यूपॅरम १६ बिटांचा होता, त्यात ६५५३५ च्या पुढचा आकडा मावला नसता. आज ३२ बिटी प्रोग्रॅममध्ये ३२ आणि ६४ बिटीत ६४ बिट मिळतात. पण स्थानिक बफरचा (मजकूर तात्पुरता ठेवायच्या जागेचा) पत्ता मात्र पोस्ट करू नका. मेसेज उघडला जाईपर्यंत त्या बफरमध्ये पुढचं वजन आलेलं असतं.

बंद होऊन न संपणारा प्रोग्रॅम

फुलीवर क्लिक झालं की क्लोज येतो. तो डेफविंडोप्रॉककडे गेला की डिस्ट्रॉयविंडो होतं. त्यातून डिस्ट्रॉय मेसेज येतो. तिथे तुम्ही पोस्टक्विटमेसेज करता, रांगेच्या शेवटी क्विट मिळतो, गेटमेसेज ० देतं आणि लूप संपतो. यातली एक कडी तुटली आहे. कुठली, ते टास्क मॅनेजरच सांगेल.

विंडो बंद केल्यावर तिथे उरलेला प्रोग्रॅम ० टक्के सीपीयू खात असेल, तर डिस्ट्रॉयमध्ये पोस्टक्विटमेसेज लिहायचं राहिलं आहे. विंडो गेली, पण लूप कधीही न येणाऱ्या मेसेजची वाट बघत झोपला आहे. आणि तो एक अख्खा कोअर खात असेल, म्हणजे चार कोअरच्या लॅपटॉपवर २५ टक्क्यांच्या आसपास, तर गेटमेसेजचा दुसरा पॅरामीटर तपासा. तिथे तुम्ही विंडोचं हँडल दिलं असणार. विंडो नष्ट झाली की ते हँडल अवैध ठरतं आणि गेटमेसेज उणे १ देतं. व्हाइलच्या दृष्टीने उणे १ म्हणजे खरंच, म्हणून लूप गरगर फिरत राहतो. दुसऱ्या पॅरामीटरला नल द्या आणि अट ‘० पेक्षा मोठं’ अशी लिहा. गेटमेसेजचा प्रकार बूल लिहिलेला असला तरी ते तीन प्रकारची उत्तरं देतं, हे नावावरून कळत नाही आणि भल्याभल्यांना फसवतं.

ईएक्सईची तक्रार याच्याच पोटातली. चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या फाइलवर विंडोज दुसरं काही लिहू देत नाही. टास्क मॅनेजरमधून एंड टास्क करा, लिंकर पुढे जाईल.

बंद करताना ‘नोंद जपायची का’ असं विचारायचं असेल तर ते क्लोजमध्ये विचारा, आणि उत्तर ‘थांबा’ असेल तर डेफविंडोप्रॉककडे न जाता ० परत करा. विंडोज शटडाउन होताना मात्र क्लोजवर विसंबू नका. तेव्हा क्वेरीएंडसेशन आणि एंडसेशन येतात. वीज गेली तर यातलं काहीच येत नाही. पावसाळ्यात तुमच्याकडे ते किती वेळा होतं ते तुम्ही जाणताच. म्हणून दिवसाची नोंद संध्याकाळी एकदम लिहू नका. प्रत्येक वजन घेतलं की त्याच क्षणी फाइलच्या शेवटी एक ओळ जोडा आणि फ्लशफाइलबफर्स करा. नुसत्या एफफ्लशने मजकूर विंडोजच्या हातात जातो, डिस्कवर पोचलाच असं नाही.

मराठी नावं आणि प्रश्नचिन्हं

विंडोजच्या मजकूर घेणाऱ्या बहुतेक फंक्शनांची दोन रूपं असतात: शेवटी ए असलेलं आणि शेवटी डब्ल्यू असलेलं. ए रूप जुन्या कोडपेजांवर (कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, याच्या तक्त्यांवर) चालतं. देवनागरीला विंडोजमध्ये असं जुनं कोडपेज नाहीच, म्हणून ए रूपातून गेलेल्या प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह उरतं. विंडोज.एच जोडण्याआधी युनिकोड आणि _युनिकोड असे दोन्ही शब्द डिफाइन करा. पहिला विंडोजच्या हेडरसाठी, दुसरा सीच्या लायब्ररीसाठी. एकच केला तर अर्धा प्रोग्रॅम एकीकडे आणि अर्धा दुसरीकडे जातो. मजकुराच्या अवतरणाआधी एल लावा. सोर्स फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि व्हिज्युअल सी++ वापरत असाल तर कंपायलरला यूटीएफ-८ चा स्विच द्या.

सरमिसळ झाली की एक मजेशीर खूण दिसते. क्लास डब्ल्यू रूपाने नोंदवला आणि प्रोसीजरच्या शेवटी डेफविंडोप्रॉकचं ए रूप बोलावलं, तर इंग्रजी शीर्षकाचं फक्त पहिलं अक्षर उरतं. कारण युनिकोडमधल्या इंग्रजी अक्षराचा दुसरा बाइट शून्य असतो आणि ए रूपाला तो मजकुराचा शेवट वाटतो. एकअक्षरी शीर्षक दिसलं की इथेच शोधा.

‘लक्ष्मी’ हे नाव जवळून बघा. वाचताना अक्षरं दोन, पण साठवणीत ल, क, हलन्त, ष, हलन्त, म आणि दीर्घ ईकार असे ७ घटक. विंडोजच्या यूटीएफ-१६ मध्ये प्रत्येकी २ बाइट, म्हणजे १४. फाइलमधल्या यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी ३, म्हणजे २१. ‘नावाला १० अक्षरं पुरेत’ असं ठरवून चौकटीला मर्यादा घातली तर नाव आणि आडनाव मिळून ती कधीच ओलांडली जाते, आणि कापलेल्या जागी लोंबता हलन्त दिसतो. निदान ६४ ठेवा.

गेटविंडोटेक्स्टला बफरची लांबी घटकांत द्यायची असते, बाइटांत नाही. तिथे साइझऑफ लिहिलंत तर ६४ घटकांच्या बफरची लांबी १२८ सांगितली जाते, आणि लांब मजकूर आला की तो शेजारच्या मेमरीवर सांडतो. ॲरेसाइझ मॅक्रो वापरा. फाइलीत लिहिताना वाइडकॅरटूमल्टीबाइटला सीपी_यूटीएफ८ द्या. सीएसव्ही फाइल आई एक्सेलमध्ये उघडणार असेल, तर फाइलच्या अगदी सुरुवातीला ईएफ, बीबी, बीएफ हे तीन बाइट लिहा. ते नसले तर एक्सेल मजकूर चुकीचा वाचू शकतं, आणि फाइल बरोबर असूनही तुम्ही प्रोग्रॅममध्ये दोष शोधत बसाल.

फॉन्टसाठी विंडोज ८ पासून निर्मला यूआय मिळतो. मंगल जुना आणि ओळखीचा, पण विंडोज १० मध्ये तो काही मशिनांवर वेगळा बसवावा लागतो. फॉन्ट क्रिएट मेसेजमध्ये एकदा बनवा, प्रत्येक चौकटीला आणि बटणाला सेटफॉन्ट मेसेजने द्या. आणि नाव स्वतः काढायची वेळ आली तर अख्खी स्ट्रिंग एकदम ड्रॉटेक्स्टला द्या. एकेक घटक सुटा काढलात तर जोडाक्षर जुळत नाही, ‘क्ष्म’चे तुकडे पडतात.

पुसली जाणारी बेरीज

विंडोज तुमचं चित्र जपून ठेवत नाही. मिनिमाइज करून आणली की ‘पुन्हा काढ’ म्हणून पेंट पाठवतं. तुम्ही बेरीज बटणाच्या केसमध्ये गेटडीसीने थेट विंडोवर लिहिलीत, पेंटमध्ये ती नव्हती, म्हणून गेली. बेरीज व्हेरिएबलमध्ये ठेवा, बदलली की इनव्हॅलिडेटरेक्ट करा, काढणं पेंटवर सोपवा.

पंखा फिरतो तो पेंटमध्ये बिगिनपेंट आणि एंडपेंटऐवजी गेटडीसी वापरल्यामुळे. ‘हा भाग काढून झाला’ अशी नोंद बिगिनपेंट करतं. ती झाली नाही तर विंडोजला भाग अजून बाकीच दिसतो, आणि रांग रिकामी होताच पेंट पुन्हा हजर होतो. पेंटच्या आत इनव्हॅलिडेटरेक्ट केलं तरी परिणाम तोच. पेंटमध्ये दर वेळी क्रिएटफॉन्ट करून डिलीटऑब्जेक्ट विसरणं हे आणखी वाईट: एका प्रोसेसला साधारणपणे १०,००० जीडीआय ऑब्जेक्टची (फॉन्ट, ब्रश अशा चित्र काढायच्या साधनांची) मर्यादा असते, ती भरली की दुपारनंतर अक्षरं भलत्याच फॉन्टमध्ये दिसू लागतात. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स पानावर जीडीआय ऑब्जेक्ट्सचा रकाना जोडून घ्या. आकडा चढत राहिला की गळती आहे.

खरं सांगायचं तर बेरजेसाठी एक स्टॅटिक कंट्रोल (नुसता मजकूर दाखवणारी तयार चौकट) ठेवा आणि त्यावर सेटविंडोटेक्स्ट करा. पेंटची जबाबदारी तो घेतो. आलेख काढायचा असेल तेव्हा पेंट शिका.

टॅब

मेसेज लूपमध्ये ट्रान्सलेटमेसेजच्या आधी इजडायलॉगमेसेजला विचारा. त्याने होय म्हटलं तर तो मेसेज पुढे डिस्पॅच करायचा नाही. चौकटींना डब्ल्यूएस_टॅबस्टॉप स्टाइल द्या. ज्या क्रमाने बनवाल त्या क्रमाने टॅब फिरतो. ‘वजन घ्या’ बटणाचा आयडी आयडीओके, म्हणजे १, ठेवलात तर एंटर दाबूनही वजन घेता येईल. हाताला काजूची साल लागलेली असताना माउसपेक्षा ते बरं.

दराच्या चौकटीत बदल झाला की मजुरी आपोआप काढायचा मोह होईल. ईएन_चेंजमध्ये त्याच चौकटीवर सेटविंडोटेक्स्ट करू नका. एकओळी चौकटीत त्यातून पुन्हा ईएन_चेंज येतं, त्यातून पुन्हा, आणि स्टॅक संपून प्रोग्रॅम कोसळतो.

सी-शार्प घ्यावं का

कारखान्यात लवकर चालू करायचं एवढाच हेतू असेल तर हो, विंडोज फॉर्म्समध्ये हेच काम कमी ओळींत होतं आणि मराठीचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. पण तिथलं ॲप्लिकेशन.रन म्हणजे हाच लूप आहे. क्लिकच्या फंक्शनात पोर्टची वाट बघत बसलात तर विंडो तशीच गोठेल. सीरियलपोर्टचा डेटारिसीव्ह्ड दुसऱ्या थ्रेडवर येतो आणि चौकटीत लिहायला बिगिनइन्व्होक लागतं, जे आतून विंडोला मेसेजच पोस्ट करतं. हा प्रोग्रॅम इतका जवळ आला आहे की तो पुरा करा असं आम्ही आग्रहाने सांगू. मग सी-शार्पला गेलात तर तिथे काय कशामुळे होतं ते तुम्हाला दिसेल.

घरी चाचणी घ्यायला काटा लागत नाही. ९ पिनांच्या कनेक्टरवर २ आणि ३ क्रमांकाच्या पिना तारेच्या तुकड्याने जोडा (आकडे पिनांशेजारी बारीक कोरलेले असतात). २ वर येतं, ३ वरून जातं, म्हणून तुम्ही लिहाल तेच परत वाचायला मिळेल. राइटफाइलने आधी ‘१२.४’ पाठवा, अर्ध्या सेकंदाने ‘३५’ आणि ओळीचा शेवट, आणि नोंद १२४३५ ची होते का बघा. ही चाचणी पार पडली आणि काट्याकडून मात्र काहीच येत नसेल, तर बहुधा केबलमध्ये २ आणि ३ ची अदलाबदल करावी लागेल. नल मोडेम जोड मागा.

त्यानंतर प्रोग्रॅम चालू असताना यूएसबीची केबल ओढून काढा. मेसेजबॉक्स एकच आला पाहिजे. केबल परत लावल्यावर जुनं हँडल आपोआप जिवंत होत नाही, म्हणून ‘काटा जोडा’ असं एक बटण ठेवा, आणि त्यात पोर्ट उघडणं, सेटिंग, टाइमआउट आणि सेटटायमर हे सगळं पहिल्यापासून करा.